पडदा भरून कस्तुरा

कोंडीराम बनसोडे निशिगंधाच्या दुकानात आला तो सेट टॉप बॉक्स पोटाशी धरून, आणि काउंटरवर न ठेवता तसाच स्टुलावर बसला. बॉक्सच्या सगळ्या स्क्रूंवर त्याने घरून निघतानाच पिवळ्या पेंटचा एकेक ठिपका देऊन ठेवला होता. कुणी स्क्रू फिरवला की ठिपका तुटणार आणि आतला माल बदलला हे दिसणार. कंपनीत नट आवळून झाला की असाच ठिपका देतात. तिथे तो नट ढिला पडला का हे कळावं म्हणून असतो. कोंडीरामने तो माणसं ओळखायला वापरात आणला होता.

"काका, इकडे द्या ना तो," निशिगंधा म्हणाली.

"माझ्यापाशीच राहू दे. तू वायर जोड."

"अहो, प्रोग्राम जेवढा लांब तेवढा वेळ लागतो कॉपीला. तोवर मांडीवर घेऊन बसणार?"

"बसंन की. कंपनीत डबल शिफ्टला उभा राहायचो, बसायला काय झालं?"

दिघीतून आळंदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर निशिगंधाचं छोटंसं दुकान होतं. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, आणि जुन्या कॅसेटींमधल्या हळदी-साखरपुड्यांच्या डीव्हीडी करून देणं हा तिचा धंदा. नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं तिने पाहिली होती, पण यंत्र मांडीवर घेऊन बसणारं हे पहिलंच. तिने वायरी लांबवून त्याच्या मांडीपर्यंत आणल्या. चहा मागवला, तर हा गृहस्थ बॉक्सवरची नजर न हलवता चहा प्यायला. आपलं लक्ष उडावं म्हणूनच चहा मागवलाय, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

पण त्याचा जीव त्या बॉक्सात अडकला होता हे खरं. बॉक्सला लावलेल्या पेन ड्राइव्हमध्ये त्याची बायको होती. कस्तुरा जाऊन वर्ष होत आलं होतं. फोटो घरात बरेच होते, पण फोटोतली माणसं बोलत नाहीत. चालती-बोलती, हसती कस्तुरा जगात एकाच ठिकाणी उरली होती. केबलवाल्याच्या लोकल चॅनेलवर बायकांची स्वयंपाकाची स्पर्धा झाली होती, तीत तिने भाकरी केली होती, आणि तो कार्यक्रम कोंडीरामने रेकॉर्ड करून ठेवला होता. हे रेकॉर्डिंग दुसऱ्या कुठल्या यंत्रावर उघडत नव्हतं. त्या एका बॉक्सवरच चालायचं, तेही बॉक्समधलं कार्ड चालू असेतोवर. आणि केबलवाला आता म्हणत होता, महिनाअखेरीला जुने बॉक्स बंद, नवे घ्या.

"नवे डबे खपवायचा धंदा हाय समदा," असं म्हणून कोंडीराम केबलवाल्याशी भांडून आला होता. भांडून काही होणार नाही हे कळल्यावर त्याने डीव्हीडीचा विचार केला. त्याच्या मुलीने, अंजलीने, निघोज्याहून फोनवर सांगितलं होतं, "पप्पा, मोबाइलमध्ये घेऊ की. डीव्हीडी कोण बघतं आता?" पण मोबाइल चोरीला जातो आणि पेन ड्राइव्ह कुणीही पुसतो. डीव्हीडी एकदा लिहिली की लिहिली, तिच्यावर मग कुणाचा बाप आला तरी खाडाखोड करू शकत नाही, असा त्याचा हिशेब. वर्षाच्या पुण्यानुमोदनाला सगळे नातेवाईक जमतील, वंदना झाली की सगळ्यांना कस्तुरा दाखवायची, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

हा संशय कोंडीरामच्या अंगात उपजत होता की कंपनीने भरला, हे सांगणं कठीण आहे. औसा तालुक्यातून तो तरुणपणी भोसरीला आला, मिळेल ती कामं केली, आणि शेवटी चाकणच्या बाजूला बेअरिंगच्या रिंगा बनवणाऱ्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला लागला. काम दिसायला सोपं. रिंग हातात आली की उभी मोजायची, आडवी मोजायची. दोन मापांत फरक आला तर रिंग गोल नाही, ओव्हल आहे. टाक लाल डब्यात. डोळ्यांना ती गोलच दिसते. डोळ्यांवर विसंबायचं नाही, हा या कामाचा पहिला धडा. ऑपरेटर म्हणायचा, 'चांगली हे राव, घे की', सुपरवायझर म्हणायचा, 'गाडी खोळंबलीय', पण कोंडीराम बधायचा नाही. त्या टेबलावर संशय हा गुण होता, आणि त्या गुणाबद्दल कंपनीने त्याला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं होतं. फक्त शिफ्ट सुटल्यावर हा गुण गेटवर ठेवून घरी जायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

मग काय विचारता! दूधवाल्याच्या मापात खोट, रिक्षावाल्याच्या मीटरमध्ये खोट, डॉक्टरच्या चिठ्ठीत खोट. भेट मिळालेलं घड्याळ जरा पुढे पळायचं, तर कंपनीने माणसं कामावर लवकर यावीत म्हणून तसलीच घड्याळं वाटली, असं तो सांगत सुटला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. ह्याचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, तरी हा पाणीसुद्धा फुंकायचा.

कस्तुराने संसार केला तो याच माणसाशी, आणि हसत केला. गल्लीतल्या खोल्यांमधून एकटी राहणारी कंपनीतली पोरं तिच्याकडून डबा न्यायची. तिच्या भाकरीची ख्याती होती. लग्न झालं त्या काळात एकदा कोंडीरामने गमतीने ताटातली भाकरी पट्टीने उभी-आडवी मोजली होती आणि "पास!" म्हणाला होता. तेव्हापासून रोजची पहिली भाकरी त्याच्या ताटात टाकताना ती विचारायची, "पास का?" आणि तो मान हलवून म्हणायचा, "पास." दोघांमधला लाडिकपणा म्हणाल तर एवढाच, पण रोजचा होता.

त्यात टीव्ही आला. नवा, सपाट, भिंतीवर टांगायचा. बसवणाऱ्या माणसाने चालू केला तर चित्र मधोमध, आणि दोन्ही बाजूंना उभ्या काळ्या पट्ट्या.

"हे काय? बत्तीस इंची म्हणून विकलाव आणि चित्र एवढंसं?" कोंडीराम कडाडला.

"काका, प्रोग्राम जुन्या टीव्हीच्या मापाचा आहे, जरा चौकोनी. हा टीव्ही रुंद. मग बाजूची जागा काळी राहते."

"म्हंजी जागेचं पैसं घ्यायचं आणि जागा रिकामी ठिवायची. मापात पाप!"

त्या माणसाला पुढच्या घरी जायचं होतं. त्याने रिमोटवरचं एक बटण दाबलं आणि चित्र या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणून पसरलं. कोंडीरामचा चेहराही तसाच पसरला. मग त्याने काय केलं, तर कंपनीत मोजायचं गेज एकदा सेट केलं की त्याला कुणी हात लावू नये म्हणून सील करतात, तसं रिमोटच्या त्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि वर बारीक अक्षरात सही ठोकली.

त्या दिवसापासून कोंडीरामच्या टीव्हीत जो तो गलेलठ्ठ. बातम्या देणारी बाई, कीर्तनकार, क्रिकेटवाले, सगळ्यांची गालफडं फुगलेली.

"ह्या बाया अशा वरून दाबल्यावानी कामून दिसायल्यात?" कस्तुराने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"टीव्हीत जाणाऱ्याचं खाणंपिणं चांगलं असतंय," कोंडीराम म्हणाला, आणि विषय संपला. जगातल्या प्रत्येक मापावर शंका घेणाऱ्या या माणसाने एका मापावर कधी शंका घेतली नाही. कारण त्यावर त्याची स्वतःची सही होती!

पुढे ती स्पर्धा झाली. कस्तुरा घरची परात घेऊन गेली, तिच्या आईने लग्नात दिलेली, काठावर 'कस्तुरा' असं नाव घातलेली. कॅमेरावाल्याने टेबलावर चढून अगदी वरून परातीचं चित्र घेतलं होतं. ती पीठ मळतेय, थापतेय, भाकरी गरागरा फिरतेय. सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणाली, "अय्या मावशी, इतकी गोल भाकरी! कशी जमते?" आणि कस्तुरा कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "आमच्या घरात इन्स्पेक्टर हाय. गोल न्हाई आली तर लाल डब्यात टाकतंय." सगळा हॉल हसला.

कार्यक्रम लागला तेव्हा दोघं शेजारी बसून बघत होते. कस्तुराला उत्तेजनार्थ बक्षीस होतं, स्टीलचा डबा. ती खुशीत होती. कोंडीराम पडद्याकडे डोळे बारीक करून बघत होता.

"भाकरी ओव्हल आलीय," तो म्हणाला.

"काय?"

"आडवी जास्त हाय. बघ की. म्हणून तर पहिला नंबर हुकला."

"गोल होती. माझ्या हाताला ठावं असतंय. ती पोरगी बी म्हणली की."

"तिला गोड बोलायचाच पगार हाय. टीव्ही काय खोटं बोलतो का?"

"टीव्ही कुठं बोलायलाय? तुम्ही बोलायलाव," कस्तुरा म्हणाली आणि उठून आत गेली. तिने लगेच तवा टाकला, एक भाकरी केली, आणि ताटात आणून आदळली. "घ्या पट्टी. मोजा." त्याने खरंच मोजली. गोल होती. "आज आलीय," तो म्हणाला. "त्या दिशी नव्हती आली." त्यानंतर कस्तुराने "पास का?" असं कधी विचारलं नाही. त्याने एक-दोनदा वाट पाहिली आणि मग सोडून दिलं.

त्याच दिवसांत ती म्हणायला लागली होती, "अंजलीचे पप्पा, बांगड्या ढिल्या व्हायल्यात मला. दवाखान्यात दाखवावं का?" आणि कोंडीरामने काय केलं, तर तेच रेकॉर्डिंग लावलं. "ही बघ. कशी गरगरीत दिसायलीस. वाळलेली माणसं अशी असत्यात का? डॉक्टर काय, तपासण्या लिहायलाच बसल्यात." तिने पडद्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे पाहिलं, आणि उठून कामाला लागली. पुढे अंजलीनेच तिला हट्टाने नेलं. पण आजार फार पुढे गेला होता.

तर आता निशिगंधाने कॉपी पूर्ण करून डीव्हीडी काढली, आपल्या पडद्यावर लावली आणि म्हणाली, "बघून घ्या काका, आहे का बरोबर."

पडद्यावर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या, आणि मधे परातीपाशी बसलेली एक बारीक बाई. गालाची हाडं वर आलेली. गळ्याखाली खळगा. आवाज तेवढा कस्तुराचा.

कोंडीराम स्टुलावरून उठला. "ही कोण?"

"म्हणजे? तुमच्या घरच्या… मावशीच ना?"

"माझी बायको अशी नव्हती. काय केलंस तू? दोन्ही बाजूंनी कापलंस आणि मधे चेपलीस तिला!"

"काही कापलं नाही काका. हे चित्रच मुळात एवढं आहे. जुन्या कॅमेऱ्याचं, चौकोनी मापाचं. रुंद पडद्यावर आणलं की बाजूला मोकळी जागा राहणारच."

हे वाक्य कोंडीरामने पूर्वी ऐकलेलं होतं, तेही टीव्ही बसवणाऱ्याच्या तोंडून. म्हणजे हे सगळे एकाच माळेचे मणी. "जागा भरून दे," तो म्हणाला.

निशिगंधाने दुसरी डीव्हीडी केली. या वेळी चित्र मोठं करून पडदा भरला. पट्ट्या गेल्या, पण मोठं केलेलं चित्र वर-खाली पडद्याबाहेर गेलं. कस्तुराचं कपाळ गेलं, खाली परातीचा काठ गेला, आणि भाकरी हातात धरून ती हसली तर भाकरीच अर्धी दिसेना.

"आता डोस्कं खाल्लंस व्हय तिचं?"

निशिगंधाचाही आवाज चढला. "मग काय करू काका? एक तर बाजूला पट्ट्या राहतील, नाहीतर वरखाली कापलं जाईल. तिसरा उपाय म्हणजे रबरासारखं ताणायचं. पडदा भरेल, पण माणूस जाड दिसेल. जी माणसं आता नाहीत त्यांचं असलं काही करू नये, असं मला वाटतं. तुम्ही म्हणालात तर करते."

कोंडीरामने बॉक्स उचलून डोळ्यांपाशी धरला. त्याने स्क्रूंवरचे ठिपके तपासले, ते शाबूत होते. म्हणजे ही बाई हुशार होती, बॉक्स न उघडताच काम केलं होतं. पहिली डीव्हीडी पुरावा म्हणून पिशवीत टाकून तो घरी आला.

घरी अंजली आली होती, पुण्यानुमोदनाच्या तयारीला. त्याने चपला काढता काढताच जुना प्लेअर टीव्हीला जोडला आणि डीव्हीडी लावली. आणि काय सांगावं! पडदा भरून कस्तुरा! गुबगुबीत, रुंद, हसरी, रोज बघितलेली. काळी पट्टी औषधालासुद्धा नाही.

"सापडली!" कोंडीरामने मांडीवर थाप मारली. "डीव्हीडी चांगली हाय. तिच्या दुकानातला टीव्हीच वाकडा हाय. तिथं माणूस खराब दाखवायचा, आणि दुरुस्तीचं दुसरं काम काढायचं. समजलं का?"

अंजली पडद्याकडे बघत राहिली होती. "पप्पा," ती हळूच म्हणाली, "आई एवढी जाड कधी होती?"

"तू सासरी होतीस. तुला काय म्हाईत?"

"मीच तिला दवाखान्यात नेलं ना. वजन काट्यावर मी बघितलंय."

आता पोटची पोरगीही त्या दुकानवालीच्या बाजूने बोलायला लागली. कोंडीरामला फार एकटं वाटलं. पण एकटं वाटलं म्हणून तो कधी हटला नव्हता. त्याने इन्स्पेक्टरसारखा विचार केला. इथला टीव्ही एक सांगतो, तिथला दुसरं. दोन गेज भांडत असतील तर कंपनीत काय करतात? मास्टर आणतात. मास्टर म्हणजे अशी रिंग जिच्या गोलाईबद्दल कुणाचंच दुमत नाही. दोन्ही गेजवर मास्टर लावायची. जे गेज मास्टरला वाकडं म्हणेल ते गेज खोटं.

तो स्वयंपाकघरात गेला आणि फळीवरची परात काढली. कस्तुरा गेल्यापासून तिच्यात कुणी पीठ मळलं नव्हतं. जमिनीवर ठेवून त्याने स्टीलची पट्टी लावली. उभी, आडवी, तिरकी. तसूभर फरक नाही. कुठे पोचासुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळी तो परात आणि डीव्हीडी घेऊन हजर. निशिगंधाने कुलूप काढता काढता परातीकडे पाहिलं आणि आत जाऊन स्टूल पुढे सरकवलं.

"तीच डीव्हीडी लाव. वरून परात दाखवली तिथं थांबव."

तिने थांबवलं. पडद्यावर परात, काठावर नाव. कोंडीरामने हातातली परात शेजारी धरली, नाव जुळवलं. तीच. मग खिशातून पट्टी काढली आणि पडद्याला टेकवली. आडवी मोजली. उभी मोजली. थांबला. चष्मा शर्टाला पुसला, पुन्हा मोजली. पट्टी उलटी करून मोजली.

उभी आणि आडवी सारखीच होती. निशिगंधाचा टीव्ही खरं सांगत होता.

"काका, बरं वाटतंय ना?" तिने विचारलं.

"पुढं घे. भाकरी दाखव."

भाकरी आली. त्याने मोजायला पट्टी उचलली आणि तशीच खाली ठेवली. मोजायची गरज नव्हती. परात गोल तर भाकरी गोल. पौर्णिमेच्या चंद्राने लाजावं अशी गोल. "आमच्या घरात इन्स्पेक्टर हाय," कस्तुरा म्हणाली, आणि भाकरी दाखवायला तिने हात वर केला. तिच्या हिरव्या बांगड्या मनगटावरून घसरल्या त्या थेट कोपराशी जाऊन थांबल्या. हॉल हसला.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं म्हणतात. कोंडीरामला आरसा लागला, परात लागली, पट्टी लागली, एक डीव्हीडी लागली. बायको शेजारी बसून हात पुढे करून दाखवत होती तेव्हा त्याने हाताकडे पाहिलं नाही, टीव्हीकडे पाहिलं. आयुष्यभर लोकांच्या मापातली खोट शोधली आणि खोटं गेज भिंतीवर टांगून त्यालाच घरातलं माणूस तपासायला लावलं. तो स्टुलावर बसला. परात मांडीवर होती, तिच्या काठावरून तो अंगठा फिरवत राहिला. त्याला रडू येत होतं आणि परक्या दुकानात रडायची लाजही वाटत होती, शेवटी रडू आलंच. निशिगंधाने दुकानाचं दार लोटून घेतलं आणि पाण्याचा ग्लास पुढे ठेवला. या वेळी तो पाणी न फुंकता प्यायला.

"ताई," जाताना तो म्हणाला, "ह्याच्याच आणखी करून दे. अंजलीला एक, हिच्या भावाला एक. ह्या पट्ट्या हायत तशाच राहू दे."

घरी आल्यावर त्याने डीव्हीडी लावली, रिमोट घेतला आणि बटणावरची चिकटपट्टी नखाने खरवडली. जुनी झाल्याने ती तुकड्या-तुकड्यांनी निघत होती. सहीचा अर्धा भाग बटणालाच चिकटून राहिला. अंजली दारात उभी राहून बघत होती. त्याने बटण दाबलं. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या आत सरकल्या आणि मधे कस्तुरा उरली, तेवढीशी, हाडं वर आलेली, हसणारी.

"पास," तो पडद्याला म्हणाला. "पास होती गं." एवढ्या उशिरा म्हणण्यात काही अर्थ नाही हे त्याला कळत होतं, तरी त्याने ते पुन्हा म्हटलं.

पुण्यानुमोदनाला घर भरलं होतं. औशाकडची माणसं आली होती, गल्लीतली आली होती, तिचा डबा खाऊन गेलेली आणि आता पोराबाळांची झालेली कंपनीतली काही पोरंही आली होती. वंदना झाली, खीर वाटून झाली, आणि कोंडीरामने डीव्हीडी लावली. सगळे दाटीवाटीने बसले. कस्तुराचा आवाज आला तशी बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

कस्तुराचा भाऊ पुढेच बसला होता. टीव्हीतलं त्याला बरंच कळतं, असा त्याचा समज होता. "दाजी," तो म्हणाला, "ह्या बाजूला काळ्या पट्ट्या कशाला ठिवल्याव? अर्धा टीव्ही वाया चाललाय. आणा रिमोट, पडदा भरून करून देतो. आक्का कशी झ्याक दिसंल बघा."

त्याने रिमोटला हात घातला. कोंडीरामने तो हात धरला, रिमोट काढून घेतला आणि आपल्या मांडीखाली ठेवला.

"राहू दे, भाऊ," तो म्हणाला. "ती एवढीच होती."